गूल्डियन फिंच घेताना पाळणाऱ्याला काय विचारावं?

वाचकाचं पत्र

चार महिन्यांपूर्वी मी गोल्डियन फिंचच्या दोन जोड्या आणल्या. दुकानात एकाच मोठ्या पिंजऱ्यात बरेच पक्षी होते. आम्ही निवडलेले चारही पक्षी अर्धे करडे-हिरवे आणि अर्धे रंगीत होते. 'महिनाभरात पूर्ण रंग येईल,' असं विक्रेता म्हणाला. आठव्या दिवशी एक नर फुगून बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला. मग दुसरा नर रात्री टिक-टिक असा आवाज काढायला लागला. तोही गेला आणि पाठोपाठ एक मादी गेली. आता एकच मादी उरली आहे, ती ठीक दिसते. घरचे म्हणतात, हे पक्षी काचेचे असतात, पुन्हा नको. मला मात्र वाटतं की माझंच काही तरी चुकलं. या वेळी चांगल्या ब्रीडरकडूनच घ्यायचे आहेत. तो ओळखायचा कसा? त्याला विचारायचं काय? कुठल्या रंगाचे पक्षी जास्त कणखर असतात? मुलगी दहा वर्षांची आहे, तिला पुन्हा तेच बघावं लागू नये.

उत्तर

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. एकापाठोपाठ तीन पक्षी जाणं, तेही मुलीच्या डोळ्यांदेखत, हे सोसायला सोपं नाही. तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेताय, म्हणून आधी काय झालं असावं ते बघू. पत्रातल्या दोन गोष्टींवरून मला बराच अंदाज येतो. एक म्हणजे 'अर्धे करडे-हिरवे, अर्धे रंगीत' आणि दुसरी म्हणजे तो रात्रीचा टिक-टिक आवाज.

गूल्डियनचं पिल्लू साधारण तीन आठवड्यांनी घरट्याबाहेर येतं तेव्हा ते मळकट करडं-हिरवं असतं. जांभळी छाती, पिवळं पोट, रंगीत डोकं हे सगळं पहिल्या पिसगळीत येतं. ही पिसगळ दोनेक महिन्यांच्या वयात सुरू होते आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत चालते. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. जेमतेम पंधरा ग्रॅमचा जीव त्या काही महिन्यांत अंगावरचा जवळपास सगळा पिसारा नव्याने विणतो. या पक्ष्याच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड काळ. नेमक्या त्याच काळात तुमच्या चार पक्ष्यांचं घर बदललं, दाणा बदलला, हवा बदलली, सोबती बदलले. तुम्ही त्यांची कितीही काळजी घेतली असती, तरी ते मुळात विकायच्या स्थितीतच नव्हते.

टिक-टिक आवाज बहुधा श्वासनलिकेतल्या माइट्सचा. हे इतके बारीक जीव की नुसत्या डोळ्यांना काळ्या ठिपक्यासारखे दिसतात. ते श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहतात. पक्षी श्वास घेताना घशात टिचकी वाजल्यासारखा आवाज येतो, नराचं गाणं बंद पडतं, चोच उघडी राहते, श्वासागणिक शेपटी खालीवर होते. आईबाप पिल्लांना भरवतात तेव्हा चोचीतून चोचीत ते जातात, आणि दाटीवाटीच्या पिंजऱ्यात एकाकडून दुसऱ्याकडे. धडधाकट पक्ष्यात थोडे माइट्स महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतात. पक्षी खचला, उदाहरणार्थ पिसगळीत किंवा प्रवासात, की त्यांचं फावतं. पक्षी न तपासता मी खात्रीने सांगू शकत नाही, पण तुमच्या घरात आलेलं दुखणं पक्ष्यांबरोबरच आलं असावं, असंच मला वाटतं.

आता 'काचेचे पक्षी' या शब्दाबद्दल. हा शब्द मला खुपतो, कारण तो पक्ष्यावर अन्याय करणारा आहे. गूल्डियन हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या विरळ झाडांच्या गवताळ माळांवरचा पक्षी. (तुम्ही 'गोल्डियन' लिहिलंय आणि बरेच जण तसंच म्हणतात, पण नाव सोन्यावरून आलेलं नाही. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४४ मध्ये हे नाव त्याच्या दिवंगत पत्नीच्या आठवणीसाठी ठेवलं. एलिझाबेथ गूल्ड स्वतः उत्तम चित्रकार होती आणि १८४१ मध्येच वारली होती.) तिथे कोरड्या ऋतूत हा पक्षी जमिनीवर पडलेलं रानज्वारीचं बी टिपतो, रोज पाण्यापर्यंत उडत जातो, निलगिरीच्या ढोलीत पिल्लं वाढवतो. ऊन, वणवे, मग महिनोन्‌महिने पाऊस हे सगळं तो झेलतो. काचेच्या पक्ष्याला हे जमलं नसतं.

ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये रानटी पक्ष्यांची निर्यात बंद केली. म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेर आज जो गूल्डियन दिसतो, तो पिंजऱ्यात जन्मलेल्यांचीच कितव्या तरी पिढीतली संतती आहे. इतक्या पिढ्यांत माणसाने त्याच्या रंगाकडे भरपूर लक्ष दिलं, अंगातल्या ताकदीकडे कमी. कुणी त्याला कायम गरम खोलीत ठेवलं, कुणी पाण्यातून रोज औषध पाजलं, कुणी अंडी काढून दुसऱ्या पक्ष्यांखाली उबवली. नाजूकपणा यातून आला. आणि म्हणूनच ज्याने हे टाळलंय, त्याच्याकडचे पक्षी खरोखर दणकट असतात. असे पक्षी मी पाहिले आहेत, पाळले आहेत.

हे मला शिकावं लागलं ते पक्षी गमावूनच. फार वर्षांपूर्वी मी सहा तरुण गूल्डियन आणले, तुमच्यासारखेच अर्धवट रंगाचे. ज्यांच्याकडून आणले त्यांची खोली उबदार होती, माझा पिंजरा उघड्या हवेतला. मी ते सरळ इतर पक्ष्यांत सोडले. तीन आठवड्यांत चार गेले. नंतर त्या गृहस्थांशी बोलताना कळलं की त्यांच्याकडे पाण्यात रोज प्रतिजैविक असायचं. त्यांनी लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. मरायला निघालेला पक्षी हातात धरून बसलेली ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून नवा पक्षी घ्यायला गेलो की आधी पाळणाऱ्याशी तासभर बोलतो. पक्षी बघायची वेळ त्यानंतर येते.

तर तुमचा मुख्य प्रश्न, की चांगला ब्रीडर ओळखायचा कसा. त्याच्या घरी जा. 'मी पक्षी दाराशी आणून देतो, तुम्ही यायची गरज नाही' असं म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल, पण ज्या जागेत पक्षी वाढला ती जागा बघितल्याशिवाय तुम्हाला काहीच कळणार नाही. जाण्याआधी मात्र सांगा की तुमच्याकडे पक्षी आजारी पडून गेले आहेत. त्या दिवशी स्वच्छ धुतलेले कपडे घाला, घरच्या मादीच्या पिंजऱ्याला हात लावून तसेच निघू नका. जो ब्रीडर तुम्हाला आत सोडण्याआधी हात धुवायला लावेल किंवा चपला बाहेर काढायला सांगेल, त्याच्याबद्दल तिथेच चांगलं मत करून घ्या. विणीच्या जोड्यांजवळ तो नेणार नाही आणि लांबूनच दाखवेल, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका.

आत गेल्यावर नाकाने बघा. पक्ष्यांच्या खोलीला दाण्याचा, धुळीचा थोडा वास असतो. ओल्या शिटीचा, अमोनियाचा झोंबरा वास येत असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही. पाण्याची भांडी बघा, त्यांच्या आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं का. दांड्यांवर सुकलेल्या शिटीचा थर आहे का. एका पिंजऱ्यात किती पक्षी आहेत. गूल्डियन भांडखोर नसतो, दाटी झाली की तो मुकाट्याने मागे सरतो आणि उपाशी राहतो. त्यामुळे भांडणं दिसत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानू नका.

मग बोलायला बसा. मी सगळ्यांत आधी विचारतो, 'यांना शेवटचं औषध कधी दिलंत, कोणतं, आणि कशासाठी?' या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. 'वर्षातून एकदा-दोनदा, विणीच्या आधी, डॉक्टरांना विचारून माइट्सचं औषध देतो' हे समजूतदार उत्तर आहे. 'अमुक जोडीच्या शिटीत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले होते, म्हणून तमुक औषध इतके दिवस दिलं' हे तर उत्तमच, कारण हा माणूस तपासणी करतो. पण 'दर आठवड्याला थोडं अँटिबायोटिक चालूच असतं, म्हणून तर माझे पक्षी कधी आजारी पडत नाहीत' असं ऐकू आलं तर चहाचा कप खाली ठेवा आणि निरोप घ्या. त्या पक्ष्यांची तब्येत बाटलीत आहे. तुमच्या घरी ती बाटली नसेल आणि दहाव्या दिवशी पक्षी फुगून बसेल. माझ्या चार पक्ष्यांचं हेच झालं होतं.

दुसरं विचारा की पिल्लं कुणी वाढवली. गूल्डियनच्या काही जोड्या अंड्यांवर नीट बसत नाहीत किंवा पिल्लं टाकून देतात, म्हणून बरेच ब्रीडर अंडी बेंगलीज फिंचखाली ठेवतात. बेंगलीज हे अतिशय प्रेमळ पालक आहेत, पण यात दोन अडचणी आहेत. त्यांच्या आतड्यात कॉक्लोसोमा नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो. त्याने बेंगलीजला काही होत नाही, पण गूल्डियनची पिल्लं दीड-दोन आठवड्यांपासून दीडेक महिन्याच्या वयात त्याने खंगतात. शिटीत न पचलेले अख्खे दाणे दिसणं ही त्याची एक खूण. दुसरी अडचण पिढ्यांची आहे. ज्यांना पिल्लं वाढवता येत नाहीत त्यांचीच संतती दर वर्षी वाढवली, तर पुढे वाढवता येणारे उरतच नाहीत. शिवाय बेंगलीजकडे वाढलेला नर मोठेपणी बेंगलीज मादीपुढेच नाचू लागल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे माझी पसंती स्वतःच्या आईबापांनी वाढवलेल्या पक्ष्यांना. बेंगलीजकडे वाढलेला प्रत्येक पक्षी कमजोर असतो असं मात्र मी म्हणणार नाही. काळजीने तपासून ते काम करणारे लोकही आहेत. ब्रीडरने खरं सांगावं, एवढंच.

तिसरं म्हणजे एका जोडीकडून वर्षात किती विणी घेतात. एका विणीत साधारण चार ते आठ अंडी असतात. वर्षाला दोन, फार तर तीन विणी आणि मग घरट्याच्या पेट्या काढून जोडीला पूर्ण विश्रांती, असं उत्तर ऐकायला बरं वाटतं. बारा महिने पेट्या लावलेल्या दिसल्या तर समजा की इथे मादी झिजवली जाते आणि झिजलेल्या मादीची पिल्लं तशीच निघतात. मादी किती वयाची झाल्यावर जोडी लावतात, हेही ओघात विचारा. वर्षाच्या आत लावत असतील तर मला ते पटत नाही. कोवळ्या मादीत अंडं अडण्याचा धोका जास्त असतो.

चौथं, खोलीचं तापमान. रात्री किती खाली जातं, गरम करायचं साधन आहे का, पक्ष्यांना मोठ्या पिंजऱ्यात उडायला मिळतं का. कणखरपणाचा खरा उगम मला इथे दिसतो. पिसगळ पूर्ण झालेला, लांब पिंजऱ्यात रोज उडणारा, दिवस-रात्रीचा थोडा फरक सोसलेला पक्षी दुसऱ्या घरी सहज रुळतो. थंडीपेक्षा थंड ओल आणि वाऱ्याचा झोत यांचा त्याला जास्त त्रास होतो. ब्रीडरची खोली कायम पंचवीस अंशांवर असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त तुम्हालाही सुरुवातीला तितकीच ऊब द्यावी लागेल आणि मग ती काही आठवड्यांत हळूहळू कमी करावी लागेल.

आणि एक प्रश्न जरा अवघड वाटेल, पण विचाराच. 'गेल्या वर्षी तुमचे किती पक्षी गेले, आणि कशाने?' पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाकडे पक्षी मरतात. प्रामाणिक माणूस क्षणभर थांबतो आणि सांगतो. बहुतेकदा त्याच्याकडे वही असते, जोड्यांचे क्रमांक, अंड्यांच्या तारखा, कोण कुणाचं पिल्लू हे सगळं लिहिलेलं. ही वही बघायला मिळाली तर नर आणि मादी एकाच आईबापांची नाहीत ना, हेही तिथेच कळतं. 'माझ्याकडे एकही मरत नाही' असं म्हणणाऱ्याकडे वही नसते.

पायातलं कडंही बघा. बंद कडं पिल्लू आठवडा-दहा दिवसांचं असतानाच चढवता येतं, मोठ्या पक्ष्याच्या पायात ते जात नाही. त्यावर वर्ष कोरलेलं असेल तर वयाबद्दल वाद उरत नाही. कडं नाही म्हणजे पक्षी वाईट, असं नाही, पण असेल तर मनाला आधार मिळतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलंय. नैसर्गिक रंग घ्या, हिरवी पाठ, जांभळी छाती. रानात साधारण चारांतले तीन पक्षी काळ्या डोक्याचे असतात, उरलेले बहुतेक लाल, आणि पिवळ्या, म्हणजे खरं तर नारिंगी डोक्याचा हजारोंत एखादा. काळ्या डोक्याचा पक्षी कमी देखणा म्हणून मागे पडतो, पण मुलीला दोन्ही शेजारी दाखवा, कदाचित तिला काळाच आवडेल. निळ्या, रुपेरी, पांढऱ्या छातीच्या प्रकारांमागे अनेकदा जवळच्या नात्यातल्या जोड्या लावलेल्या असतात, कारण दबलेला रंग वर आणण्याची ती सोपी वाट आहे. कसबी ब्रीडर मध्ये मध्ये नैसर्गिक रंगाचं नवं रक्त आणतात आणि त्यांचे निळे पक्षीही चांगले दणकट असतात. तरी एकदा पोळल्यावर तुम्ही या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं.

जोडी लावताना डोक्याचा रंग सारखा ठेवणंही बरं. सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ यांनी २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की लाल आणि काळ्या डोक्याची जोडी लागली तर त्यांची पिल्लं जास्त मरतात, त्यातही मादी पिल्लं. आणि मादीला जणू हे कळतं. त्यांच्या प्रयोगात नर वेगळ्या डोक्याचा असला तर तिच्या पिल्लांत दहांतली आठ नर निघाली. एवढासा पक्षी हे कसं ठरवतो, या विचाराने मी आजही थक्क होतो. तुम्हाला पिल्लं काढायची नसतील तर याची चिंता नको.

आता प्रत्यक्ष पक्षी. पिंजऱ्याजवळ लगेच जाऊ नका. लहान पक्षी माणूस जवळ आला की दुखणं लपवतो, अंग आवळून ताठ बसतो. पंधरा-वीस मिनिटं लांब बसून राहा, तुम्ही तिथे आहात हे तो विसरला की खरं वागतो. दिवसाढवळ्या दोन्ही पायांवर फुगून डोळे मिटणारा, इतर उडाले तरी न उडणारा, सतत दाण्याच्या भांड्यात बसून दाणे नुसते सोलणारा पक्षी नको. नर गातोय का ते ऐका. त्याचं गाणं इतकं हळू असतं की गळा फुगलेला आणि चोच हलताना दिसते, आवाज जवळ गेल्यावरच येतो. पण गाणारा नर म्हणजे घसा मोकळा. शक्य असेल तर दिवे मालवल्यावर दोन मिनिटं थांबा, अंधाराच्या शांततेत टिक-टिक लगेच ऐकू येते.

पसंत पडलेला पक्षी शेवटी ब्रीडरला हातात धरायला सांगा. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे, हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी आतून खंगलेला आहे. पोटावरच्या पिसांवर फुंकर घाला, त्वचा स्वच्छ हवी, शिटीच्या जागेभोवती पिसं चिकटलेली नकोत. डोकं, मान आणि शेपटी यांत कोंब आलेली नळीसारखी पिसं दिसत असतील तर पिसगळ चालू आहे. 'ही संपू दे, मी महिन्या-दीड महिन्याने येतो' असं सांगा. पक्षी राखून ठेवायला जो आनंदाने तयार होतो, त्याच्याकडूनच घ्या. माझ्या मते सात-आठ महिन्यांचा, पूर्ण रंगात आलेला पक्षी घ्यावा. वय लपवायला सर्वांत सोपा पक्षी पूर्ण रंगातलाच असतो हे खरं, म्हणून तर वही आणि कडं.

आणताना छोटा, हवेशीर आणि अंधारा डबा बरा, पक्षी आपटत नाही. सकाळी निघा म्हणजे घरी आल्यावर त्याला खायला-प्यायला अख्खा दिवस मिळेल. एवढ्या लहान जीवाला काही तासांची उपासमारही जड जाते. ब्रीडरकडून त्याच्या दाण्याची महिन्याभराची पिशवी मागून घ्या, आणि भांडी कसली वापरतो तेही बघून या. अनोळखी भांड्यात पाणी असून तहानेने मेलेले फिंच मी ऐकले आहेत. पहिले काही दिवस दाणे भांड्यातही ठेवा आणि तळाशी कागदावरही पसरा, राळ्याची दोन अख्खी कणसं दांडीजवळ टांगा. समुद्रफेस, वाळू, आणि उकळून वाळवलेली अंड्याची टरफलं पहिल्या दिवसापासून हवीत. महिनाभर नवं काही सुरू करू नका, भारी खाऊसुद्धा नाही. रात्री मंद दिवा ठेवा, कारण नव्या जागी अंधारात दचकून गूल्डियन जाळीवर आदळतात.

त्यांना वेगळ्या खोलीत निदान तीस दिवस ठेवा, चाळीस ठेवलेत तर उत्तम. रोजचं काम आधी जुन्या पक्ष्याचं, मग नव्यांचं, आणि मध्ये हात धुवायचे. पहिल्या आठवड्यात शिटीचा नमुना पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चांगल्या ब्रीडरकडून आणलेल्या पक्ष्यांनाही हे सगळं करायचं, त्यात त्याचा अपमान नाही. उलट तो स्वतःच तुम्हाला हे सांगेल.

घरच्यांना काय सांगायचं हे तुम्हीच ठरवा, पण मुलीला सगळ्या प्रवासात बरोबर घ्या. ब्रीडरला विचारायचे प्रश्न तिच्या हाताने वहीत लिहून घ्या. पक्षी का गेले हे तिला खरं सांगा. दहा वर्षांच्या मुलीला ते कळतं, आणि नुसत्या 'नाजूक होते' या उत्तराने तिचं समाधान झालेलं नसणार.

हे सगळं करण्याआधी मात्र तुमच्या घरी उरलेल्या मादीकडे बघा. पत्रात तुम्ही तिच्यावर एकच वाक्य लिहिलंय, पण तिचा विचार आधी व्हायला हवा. ती त्या टिक-टिक करणाऱ्या नराबरोबर एकाच पिंजऱ्यात होती, एकाच भांड्यातून पाणी प्यायली. ठीक दिसत असली तरी तिच्या घशात माइट्स असू शकतात. तसेच नवे पक्षी आणलेत तर पुन्हा पहिल्यापासून तेच होईल, आणि या वेळी निष्कारण बोल ब्रीडरला लागेल. डॉक्टर तिच्या मानेवरची पिसं स्पिरिटने ओली करून मागून प्रकाश टाकतात, तेव्हा कधी कधी श्वासनलिकेतले काळे ठिपके दिसतात. ते दिसले नाहीत तरी तिची सगळी हकिगत सांगा, बहुधा ते औषध देतील. मात्रा त्यांनीच ठरवायची. पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला एक थेंब जास्त झाला तरी जीवावर बेतू शकतं, त्यामुळे ऐकीव मापाने काही देऊ नका. शिटीही त्याच वेळी तपासून घ्या.

लाकडी दांड्या टाकून द्या. पिंजरा घासून उकळत्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कॉक्सिडियाची अंडी साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, उष्णतेला देतात. मग तिचा रंग पूर्ण येऊ द्या. गूल्डियन थव्याने राहणारे पक्षी आहेत, एकटीला फार काळ ठेवणं मला आवडत नाही, पण औषध पूर्ण होऊन दुसरी तपासणी स्वच्छ येईपर्यंत तिला थांबावंच लागेल. तिच्या पिंजऱ्यात एक छोटा आरसा लावा, आणि मुलीला रोज थोडा वेळ पिंजऱ्याशेजारी अभ्यासाला बसवा.

या थांबण्याच्या काळात ब्रीडर शोधा. त्याला तुमच्या मादीच्या डोक्याचा रंग आणि अंदाजे वय सांगा, आणि त्याच डोक्याचा, पिसगळ पूर्ण झालेला एक नर आणि सोबत आणखी एक जोडी राखून ठेवायला सांगा. तिघांचे चाळीस दिवस दुसऱ्या खोलीत होतील. तोवर तुमची मादी आणि ते एकमेकांचे आवाज ऐकतील, आणि दार उघडाल तेव्हा ती त्यांना अगदीच परकी राहिलेली नसेल.